घरसंसार : कच्चा रंग, पक्की गोधडी



थंडी ओसरली की आपल्या घराघरांतून गोधड्या बाहेर निघतात. हिवाळाभर अंगावर घेतलेली, लेकरांनी लोळवलेली, चुलीच्या धुराचा वास लागलेली गोधडी एकदा स्वच्छ धुवायची, कडक वाळवायची आणि कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवायची, ही आपली जुनी रीत. यंदा फाल्गुनात आम्ही सानगडीला मावशीकडे गेलो होतो, तेव्हा तिच्या अंगणातही हेच काम चालू होते. त्या दिवशी तिथे जे घडले ते उद्या कोणाच्याही घरी घडू शकते, म्हणून आजचा हा मजकूर.

सानगडी हे भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्याचे गाव. जुना किल्ला आणि भोवती धानाच्या बांध्या. मावशीचे घर गावातल्या चार घरांसारखेच. घरात मावशी, मुलगा, सून आणि दोन नातवंडे. मुलगा मजुरीला जातो, सूनही रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत बांधीत उतरते.

ज्या गोधडीची गोष्ट सांगायची आहे ती आमच्या आजीच्या हातची. आजीने जन्मभर बिड्या वळल्या. दिवसभर तेंदूपान कापून आणि तंबाखू भरून बोटे आखडली तरी रात्री ती सुई हातात घेई. खाली आजोबांच्या पांढऱ्या धोतरांचे अस्तर, वर तिच्या स्वतःच्या हिरव्या आणि निळ्या लुगड्यांचे तुकडे, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला धावदोरा. टाके इतके बारीक की लहानपणी आम्ही ते मोजायला बसत असू आणि मोजता मोजता झोपी जात असू. आजी गेली तेव्हा वाटून घ्यायला सोने नव्हते, शेत नव्हते. मावशीच्या वाट्याला ही गोधडी आली. मावशीने ती कधी बाहेरच्या पाहुण्याला पांघरायला दिली नाही आणि घरातल्या आजाऱ्याला कधी नाकारली नाही.

गोधडी मधोमध विरत चालली होती. सुनेच्या ते लक्षात आले. तिने बाजारातून आणलेल्या नव्या लाल कापडाचे हातभर ठिगळ कापले, कडा आत दुमडल्या आणि आजीच्या टाक्याला टाका जुळवून ते नीट बसवले. हे तिने कोणी न सांगता, मनानेच केले होते. मग धुण्याच्या दिवशी तिने गोधडी बादलीत कोंबून पावडरीच्या पाण्यात भिजवली आणि ती भाकरी टाकायला आत गेली. तासाभराने येऊन पाहते तर बादलीतले पाणी लालभडक. गोधडी उलटली तर आजोबांच्या धोतरावर लाल ओघळ पसरलेले.

तिने घाबरून ती बोरिंगवर नेली, दोन पाणी काढली, पिळली आणि कोणी पाहायच्या आत दोरीवर टाकायला निघाली. पण अंगण म्हणजे अंगण. शेजारच्या बाया जमल्याच. एक म्हणाली, "मीठ टाका ना वो, मिठानं रंग पक्का होते." दुसरी म्हणाली, "तुरटीच्या पाण्यात घाला." तिसरीने ब्लीचिंग पावडर सुचवली. चौथी म्हणाली, "उन्हात टाका, ऊन खाऊन टाकते डाग." मावशी मात्र काहीच बोलली नाही. ती गोधडीची एक कड हातात धरून उभी राहिली. तिच्या त्या गप्प राहण्यानेच सुनेला रडू कोसळले. "आई, मी मुद्दाम नाही केलं वो," एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आम्ही पुढे होऊन पहिली गोष्ट सांगितली ती अशी : गोधडी वाळू देऊ नका. बाकी सगळे नंतर.

आमचे हे शहाणपण फार महागात पडून आलेले आहे. वर्षांपूर्वी आम्ही मुलाचा शाळेचा पांढरा सदरा एका लाल रुमालाबरोबर भिजवून असाच घालवला होता. तेव्हापासून रंगाऱ्यांना विचारत, या विषयावर मिळेल ते वाचत, आणि घरच्याच कपड्यांवर करून पाहत जे हाती लागले, ते इथे सांगतो.

रंग का उतरतो?

आपण बाजारात सहज विचारतो, "रंग पक्का आहे ना?" कच्चा आणि पक्का हे शब्द अगदी बरोबर आहेत. फक्त त्यामागे काय असते ते समजून घ्यावे.

कापसाच्या धाग्याला रंग आपणहून सहजासहजी धरत नाही. पूर्वी आलाच्या मुळापासून किंवा मंजिष्ठेपासून तांबडा रंग करीत, तेव्हा कापड आधी तुरटीच्या पाण्यातून काढावे लागे. धागा आणि रंग यांच्यामध्ये तुरटी दुव्याचे काम करी. पुढे १८८०च्या दशकात जर्मनीत पॉल बॉटिगर या रसायनज्ञाने काँगो रेड नावाचा रंग शोधला. तो कापसाला तुरटीशिवाय थेट लागत असे. अशा रंगांना डायरेक्ट रंग म्हणतात. ते स्वस्त, वापरायला सोपे; पण धाग्याला नुसते चिकटून राहतात, म्हणून प्रत्येक धुण्यात थोडे थोडे निघत राहतात. त्यानंतर १९५६ साली इंग्लंडच्या आय.सी.आय. कंपनीने रिअॅक्टिव्ह रंग बाजारात आणले. हे रंग कापसाच्या धाग्याशी रासायनिक बंधनाने जोडले जातात. एकदा जोडला गेलेला कण साध्या धुण्याने सुटत नाही. आज सुती कापडाच्या रंगाईत हे रंग मोठ्या प्रमाणावर वापरतात.

मग पक्क्या म्हणवणाऱ्या रंगाचे कापडही का रडते? कारण रंगाच्या हौदात घातलेला सगळाच रंग धाग्याशी जोडला जात नाही. काही भाग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो. त्याला आता धाग्याशी बंधन करता येत नाही. तो नुसता धाग्यात अडकून राहतो. तो काढून टाकण्यासाठी कारखान्यात कापड पुन्हा पुन्हा गरम पाण्याने धुवावे लागते. या धुणीला पुष्कळ पाणी लागते, पाणी तापवायला इंधन लागते, वेळ लागतो. रंगाईच्या खर्चाचा मोठा भाग या धुणीवरच जातो. जिथे खर्च वाचवायचा असतो तिथे ही धुणी आखूड होते, आणि मोकळा रंग कापडाबरोबर दुकानात येतो.

भगिनींनो, इथे जरा थांबून विचार करा. स्वस्त कापड कोण घेते? आपणच घेतो. म्हणजे जी धुणी कारखान्यात व्हायला हवी होती, ती आपल्या अंगणात, आपल्या पाण्याने आणि आपल्या सरपणावर होते. आणि रंग उतरला की बोल लागतो तो धुणाऱ्या बाईला. "हिला साधं धुणं जमत नाही," असे म्हणणारे घरोघरी असतात. सानगडीच्या त्या सुनेची चूक एवढीच की तिने नवे कापड आधी तपासले नाही. तपासायचे असते हे तिला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

मीठ, तुरटी, व्हिनेगर यांचे काय?

जमलेल्या बायांनी दिलेले सल्ले वाईट मनाने दिलेले नव्हते. त्यांतला प्रत्येक सल्ला कुठेतरी खरा आहे, पण वेगळ्या ठिकाणी.

तुरटी खरी आहे ती आल-मंजिष्ठेच्या काळातली. झाडापाल्याच्या रंगाला ती धाग्याशी बांधते, आणि तेही रंगवतानाच. आजच्या कारखान्यातल्या रंगाशी तिचे ते नाते नाही.

मीठ खरे आहे ते रंगाऱ्याच्या हौदात. डायरेक्ट आणि रिअॅक्टिव्ह रंग लावताना रंगारी पाण्यात भरपूर मीठ घालतात, कारण मिठामुळे रंग पाणी सोडून धाग्याकडे धाव घेतो. आता पाहा : आपल्या टबात लाल रंग पाण्यात उतरला आहे आणि शेजारी पांढरे धोतर आहे. अशा वेळी मीठ घातले तर तो रंग कुठे जाईल? जो रंग पाण्याबरोबर वाहून जायला हवा होता त्याला आपणच धोतराकडे ढकलू.

व्हिनेगर किंवा लिंबू यांसारखे आंबट पदार्थ लोकर आणि रेशीम रंगवताना कामाला येतात. सुती कापडावरचा उतरता रंग त्यांनी थांबत नाही.

ब्लीचिंग पावडर डाग पाहून काम करीत नाही. डागाबरोबर ती हिरव्या-निळ्या लुगड्याचाही रंग खाईल, आणि आधीच विरलेले जुने सूत आणखी कुजवील. शिवाय ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे पाणी कधीही व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करण्याच्या आम्लात मिसळू नये. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावे.

रंगाच्या दुकानात रंग पक्का करण्याचे द्रव्य, म्हणजे फिक्सर, मिळते. ते काही रंगांवर खरोखर चालते. पण ते नव्या कापडाला, शिवण्याआधी लावायचे. डाग पडल्यावर लावले तर ते डागही पक्का करून ठेवील.

आणि ऊन? ओला डाग उन्हात वाळला की तो काढणे अवघड होते, आणि उन्हाने आजीच्या लुगड्याचे रंगही विटतात.

मग करावे काय?

उपाय एकच, आणि तो ऐकायला उलटा वाटतो. रंग थांबवायचा नाही. त्याला पुरता उतरू द्यायचा, मात्र उतरलेला रंग पाण्यातच राहील आणि कापडावर बसणार नाही अशी तजवीज करायची. त्यासाठी चार गोष्टी लागतात : भरपूर पाणी, गरम पाणी, रंगाला पाण्यात धरून ठेवणारा साबण, आणि धीर.

मावशीकडे आम्ही कसे केले ते क्रमाने सांगतो.

शेजारून लग्नकार्यात वापरायचा मोठा टब मागून आणला. सुमारे शंभर लिटर पाणी मावेल असा. बादलीत कोंबलेली गोधडी स्वतःच्याच रंगात न्हाते; टबात ती पसरून, सैल बुडाली पाहिजे. चुलीवर दोन मोठ्या गंजांत पाणी उकळत ठेवले. टबात आधी साधे पाणी घातले आणि त्यावर तितकेच उकळते पाणी ओतले. निम्मे साधे आणि निम्मे उकळते मिळून साधारण साठ अंशांचे पाणी होते. सुती गोधडीला तेवढे ऊन पाणी चालते, पण माणसाच्या हाताला नाही. म्हणून लेकरांना लांब बसवले आणि गोधडी खालीवर करायला स्वच्छ धुतलेली गुळगुळीत काठी घेतली.

त्या पाण्यात भांडी घासायचा पातळ साबण, जो पाउचमध्ये किंवा बाटलीत मिळतो तो, पाच मोठे चमचे घातला. हा साबण तेलकटपणा जसा पाण्यात धरून ठेवतो तसाच मोकळ्या रंगालाही धरून ठेवायला मदत करतो. कपड्याच्या साबणाची वडी इथे वापरू नये. आपल्याकडे बोरिंगचे पाणी बहुधा जड असते. जड पाण्यात वडीच्या साबणाचा फेस होत नाही, पांढरट साका होतो, आणि तो रंगासकट कापडावर बसतो. साबण घेताना तो ब्लीच नसलेला घ्यावा.

मग गोधडी पूर्ण बुडवली. एकही कोपरा पाण्याबाहेर राहता कामा नये. बाहेर राहिलेला कोपरा कंदिलाच्या वातीसारखा पाणी वर ओढतो, आणि वर चढलेला रंग तिथेच वाळून बसतो. वर तरंगणारा भाग दाबायला आम्ही स्टीलचे एक जड ताट ठेवले.

अर्ध्या तासात पाणी जास्वंदीसारखे लाल झाले. सून पुन्हा घाबरली. तिला म्हटले, "अगं, हा रंग पाण्यात आला, म्हणजे तेवढा धोतरातून आणि ठिगळातून गेला. येऊ दे." पाणी गडद झाले की ते बदलायचे, त्यात गोधडी मुरत ठेवायची नाही. दुसरे पाणी गुलाबी सरबतासारखे आले. तिसरे फिकट. चौथे पाणी संध्याकाळी भरले आणि त्यात गोधडी रात्रभर ठेवली.

पाणी स्वच्छ झाले की नाही हे टबात पाहून कळत नाही. काचेच्या पेल्यात थोडे पाणी घ्यावे आणि पांढऱ्या कागदासमोर धरावे. पाचवे पाणी सकाळी पेल्यात धरले तेव्हा कागद पांढराच दिसला. मग साध्या पाण्याने तीन वेळा खळबळून साबण काढून टाकला.

वाळलेली अडीच-तीन किलोची गोधडी पाणी पिऊन दुप्पट-तिप्पट जड होते. ती एका कडेने धरून उचलली तर तिच्याच वजनाने टाके तुटतात. म्हणून टबात तिच्याखाली जुनी चादर सरकवली आणि चादरीची चार टोके धरून दोघांनी उचलली. पुरुष मंडळींना हे आवर्जून सांगायचे आहे : गोधडी सगळे पांघरतात, तर ती उचलायला आणि पाणी वाहायलाही सगळ्यांनी यावे. मावशीचा मुलगा त्या दिवशी कामावरून येताच बोरिंगवर उभा राहिला, म्हणून पाच पाणी होऊ शकली.

गोधडी पिळायची नाही. जुन्या, जाड सुती चादरीत गुंडाळून वरून दाबायची, म्हणजे पाणी चादर शोषते. मग सावलीत, वाऱ्यावर, आडवी पसरायची. मावशीकडे बांधलेली खाट होती. तिच्यावर पांढरी चादर घालून त्यावर गोधडी पसरली. खाट नसेल तर स्वच्छ, कोरड्या तणसावर चादर टाकून पसरता येते. घडी घालून वाळवू नये, कारण ओल्या घडीत एका भागाचा रंग दुसऱ्यावर बसतो. दर दोन तासांनी उलटावी.

सगळेच डाग जातात का?

खरे सांगायचे तर नाही. मावशीच्या गोधडीचे मोठे ओघळ गेले, धोतर पुन्हा पांढरे झाले. एका कोपऱ्यात मात्र रुपयाएवढी गुलाबी झाक राहिली. तो कोपरा आम्ही पोचण्याआधी दोरीवर वाळून गेला होता.

तरीही आधीच वाळलेल्या डागाची आशा लगेच सोडू नये. रिअॅक्टिव्ह रंगाचा जो भाग निकामी होऊन उतरतो, तो मुळातच बंधन करायची शक्ती गमावून बसलेला असतो. लाल कापडाला जे बंधन त्याने केले नाही ते पांढऱ्यालाही करू शकत नाही. म्हणून जुना डागही बहुधा गरम पाण्यात हळूहळू सुटतो. मात्र त्यावर इस्त्री फिरवलेली नसावी.

पाच-सहा पाणी बदलूनही पाणी पहिल्याइतकेच लाल येत राहिले, तर समजावे की तो रंग डायरेक्ट जातीचा किंवा अगदीच कच्चा आहे. तो प्रत्येक धुण्यात उतरणार. अशा वेळी एकच मार्ग उरतो. त्या ठिगळाचे टाके उसवून ते काढून टाकावे आणि तिथे दुसरे, तपासलेले कापड लावावे. पूर्ण गोधडी गमावण्यापेक्षा हातभर कापड गेलेले बरे.

एक सावधगिरी आणखी. आपल्या जिल्ह्यात कोशाच्या साड्या विणल्या जातात. गोधडीत कोशाचा किंवा लोकरीचा तुकडा असेल तर उकळत्या पाण्याचा हा उपाय करू नये. तिथे साधे पाणी आणि सौम्य साबण एवढेच वापरावे. धुण्याच्या यंत्रातही हाताची जुनी गोधडी टाकू नये. यंत्रात पाणी बेताचे असते, त्यामुळे उतरलेला रंग गोधडीतच फिरत राहतो, आणि घुसळण्याने जुने टाके तुटतात.

शिवण्याआधीच तपासा

हा सगळा उपद्व्याप टाळता येतो. गोधडीला, दुपट्याला किंवा ठिगळाला नवे कापड घ्याल तेव्हा आधी हे करून पाहा.

कापडाचा चार बोटे तुकडा कापा. स्टीलच्या वाटीत गरम पाणी घ्या, त्यात पातळ साबणाचा एक थेंब टाका आणि तुकडा अर्धा तास बुडवून ठेवा. मग तो ओलाच पांढऱ्या सुती कापडावर ठेवून तसाच वाळू द्या. वाटीतले पाणी रंगले आणि खालचे पांढरे कापड स्वच्छ राहिले, तर ते कापड दोन-तीन वेळा गरम पाण्यात धुऊन वापरता येईल. पांढऱ्या कापडावर डाग पडला तर सगळे कापड वेगळ्या टबात वरच्या पद्धतीने धुवा आणि पुन्हा हीच परीक्षा घ्या. तिसऱ्या वेळीही डाग पडला तर ते कापड गोधडीत घालू नका. त्याची पिशवी शिवा.

कापडाच्या प्रयोगशाळेतही परीक्षा होते ती याच धर्तीवर. रंगीत कापडाला पांढरे कापड जोडून ते साबणाच्या पाण्यात धुतात आणि पांढऱ्यावर किती डाग पडला ते पाहून १ ते ५ असे गुण देतात. ५ म्हणजे उत्तम, १ म्हणजे वाईट. आपल्या वाटीतली परीक्षा त्याचीच धाकटी बहीण. तिला पैसे लागत नाहीत.

लाल, मरून, गडद निळा आणि काळा हे रंग नेहमी तपासावेत. गडद छटेसाठी रंग जास्त वापरावा लागतो, म्हणून मोकळा राहणारा रंगही जास्त असतो. रंगीत दोराही विसरू नका. त्याची हातभर लांबी पांढऱ्या कापडात टाके घालून धुऊन पाहा. आणि जुने-नवे कापड एकत्र शिवायचे असेल, तर नवे कापड आधी निदान दोनदा धुऊन घ्या. त्याचा आकस निघून जातो, नाहीतर पुढे ते आकसून जुन्या कापडाला ओढते आणि गोधडीला चुण्या पडतात.

आता सानगडीचे शेवटचे

दुसऱ्या दिवशी दुपारी गोधडी वाळली. सून कात्री घेऊन आली आणि म्हणाली, "आई, हे लाल ठिगळ काढूनच टाकते. पुन्हा कटकट नको." आम्ही त्या ठिगळावर ओले पांढरे फडके दाबून आणि घासून पाहिले. फडक्याला रंग लागला नाही. मोकळा होता तेवढा रंग पाच पाण्यांत निघून गेला होता. उरलेला धाग्याशी बांधलेला होता.

मावशीने ते फडके उजेडात धरून पाहिले. मग सुनेच्या हातातली कात्री काढून घेतली. म्हणाली, "राहू दे. मायच्या टाक्याला टाका जुळवला तू. आता ते काढाचं नाही." आणि त्या गुलाबी कोपऱ्यावरून हात फिरवत म्हणाली, "हा आपला पत्ता. हरवली तर या कोपऱ्यावरून ओळखू."

आजीने ही गोधडी शिवली तेव्हा घरातले फाटके, विटके, उरलेसुरले जे होते ते तिने एकत्र केले आणि त्यातून ऊब केली. तिच्या गोधडीत तिच्या मुलीची माया आहे, आता नातसुनेचे ठिगळही आहे. अशा वस्तूवर डाग पडला म्हणून घरातल्या माणसाचे मन मोडू नये. डागाला गरम पाणी आहे, साबण आहे, दुसरा दिवस आहे. तुटलेल्या मनाला असा टब मिळत नाही.

तेव्हा भगिनींनो, यंदा गोधड्या धुवायला काढाल त्या दिवशी वाटीतली परीक्षा आधी करा. आणि तरीही रंग उतरलाच, तर दोरीकडे धावू नका, मिठाकडे धावू नका, आणि एकमेकींवर तर मुळीच धावू नका. आधी गंज चुलीवर चढवा.

पुन्हा भेटूच. तोपर्यंत सर्वांना सप्रेम जयभीम.